बधिरांच्या शाळा : अन्नवस्त्र की वाटा?

आपल्या निवासी विद्यालयाच्या वाटचालीचे स्मरण करण्यासाठी ही स्मरणिका निघत आहे. संस्थापकांचे कष्ट, माजी विद्यार्थ्यांचे यश, देणगीदारांचे औदार्य यांचे उल्लेख या पानांतून येतील आणि ते यायलाच हवेत. आम्ही मात्र या लेखात अशा मुलांविषयी लिहू इच्छितो, ज्यांची नावे आपल्या हजेरीपटावर जवळजवळ आढळत नाहीत. ती मुले माढा तालुक्यातलीच आहेत. कुर्डुवाडी, टेंभुर्णी, मोडनिंब या बाजारगावांत आणि त्यांच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ती राहतात. त्यांना ऐकू येत नाही, एवढाच त्यांच्यात आणि आपल्या विद्यार्थ्यांत फरक आहे. परंतु त्या एका फरकामुळे त्यांचे सारे आयुष्य शाळेच्या कुंपणाबाहेर राहते.

२०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची नोंद देशात ५० लाखांहून अधिक झाली आहे. त्यांतील बहुतेक बधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्याच पोटी जन्मतात. त्यामुळे मूल बधिर आहे हे घरच्यांच्या ध्यानात फार उशिरा येते. ‘उशिरा बोलेल’, ‘मामाही उशिराच बोलला होता’ अशा दिलाशात भाषा शिकण्याची मोलाची वर्षे निघून जातात. पुढे मूल घरकामाला किंवा शेळ्यांमागे लागते. आईवडील ऊसतोडीला गेले की ते आजीजवळ गावी राहते किंवा उसाच्या फडात पाचट गोळा करते. ते उपाशी नसते, उघडे नसते. मात्र त्याला कोणी काही सांगत नाही आणि त्याचे म्हणणे कोणाला कळत नाही. ‘मूकबधिर’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. पण ज्याला हातांची भाषा मिळाली तो मूक राहत नाही. म्हणून या लेखात आम्ही ‘बधिर’ एवढाच शब्द योजला आहे. मूकपण हे कानाचे वैगुण्य नव्हे. ते समाजाने भाषा न दिल्याचे फळ आहे.

उपाशी नाही, उघडे नाही, आणि तरीही वंचित. ही अवस्था आपल्याकडे फार जुनी आहे आणि तिला एकेकाळी शास्त्राचा आधारही होता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वडिलार्जित संपत्तीत वाटा मिळण्यास जे अपात्र ठरवले आहेत, त्यांच्या यादीत जन्मांधाबरोबर बधिर आणि मूक यांचीही नावे आहेत. लगेच पुढच्या श्लोकात वारसाने त्यांना यथाशक्ती ‘ग्रासाच्छादन’, म्हणजे घास आणि वस्त्र, द्यावे असे सांगितले आहे. तात्पर्य काय, तर अन्नवस्त्र द्या, वाटा देऊ नका. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला, तेव्हा आपल्या समाजावरील अन्यायाचा निषेध झाला हे आपण जाणतो. त्याच ग्रंथाने बधिरांचाही वाटा नाकारला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२८ साली हिंदू वारसा हक्कातील अपात्रता दूर करणारा कायदा झाला आणि बधिर माणसाला जमिनीत वाटा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. पण ज्ञानातला वाटा? तो आजही बव्हंशी अन्नवस्त्राच्याच हिशेबात मोजला जातो, असे आमचे मत आहे. हे मत कशाच्या आधारे बनले, ते सांगण्यासाठी थोडा दूरचा इतिहास पाहावा लागेल.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड नावाचे शहर आहे. तेथील मेसन कॉग्सवेल या डॉक्टरांची मुलगी ॲलिस ही लहानपणी आजारात बधिर झाली. शेजारचे तरुण धर्मोपदेशक थॉमस गॅलॉडेट यांनी तिला शिकवण्याचा प्रयत्न केला आणि बधिरांना शिकवण्याची पद्धत जाणून घेण्यासाठी ते १८१५ साली युरोपात गेले. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ब्रेडवुड घराण्याच्या शाळा होत्या; परंतु त्या घराण्याने आपली विद्या व्यवसायाचे गुपित म्हणून जपली होती. पॅरिसमधील शाळेचा रिवाज निराळा होता. आबे द लेपे यांनी सुरू केलेली ती शाळा फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९१ साली, राष्ट्राने आपल्या अधिकारात घेतली होती आणि तिची विद्या शिकू इच्छिणाऱ्याला खुली होती. येथेच एक गोष्ट स्पष्ट होते. ज्ञान खाजगी मालकीचे असते तेव्हा ते दाराआड राहते; ते सार्वजनिक झाले की समुद्र ओलांडून जाते. त्या शाळेतील लॉरां क्लेर्क हे स्वतः बधिर असलेले शिक्षक १८१६ साली गॅलॉडेट यांच्यासोबत अमेरिकेस आले.

हार्टफर्डच्या शाळेसाठी शहरोशहरी फिरून देणग्या जमवण्यात आल्या. त्याच वर्षी कनेक्टिकटच्या विधिमंडळाने ५,००० डॉलर मंजूर केले. १५ एप्रिल १८१७ रोजी अवघ्या ७ विद्यार्थ्यांनिशी शाळा उघडली. पण देणगी ही पावसासारखी असते. एखाद्या वर्षी बरसते, एखाद्या वर्षी पाठ फिरवते. शाळेच्या चालकांनी म्हणून देशाच्या काँग्रेसकडे, म्हणजे तेथील संसदेकडे, मागणी केली. १८१८ च्या जानेवारीत क्लेर्क स्वतः वॉशिंग्टनला गेले आणि सभागृहाचे अध्यक्ष हेन्री क्ले यांनी त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतले. बधिर शिक्षक देशाच्या संसदेत अध्यक्षाच्या शेजारी बसला, हे दृश्य शंभर अर्जांहून अधिक बोलके ठरले असावे. १८१९ साली काँग्रेसने या शाळेला सुमारे २३,००० एकर सरकारी जमीन दिली. ती पुढे सुमारे ३ लाख डॉलरला विकली गेली. त्या रकमेतून शाळेचा कायम निधी उभा राहिला आणि विद्यार्थ्यांची फी कमी करता आली.

दुसरी व्यवस्था याहून महत्त्वाची होती. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८१९ मध्येच आपल्या गरीब बधिर मुलांना राज्याच्या खर्चाने हार्टफर्डला पाठवण्यास आरंभ केला. न्यू हॅम्पशायर, व्हर्माँट आणि मेन ही शेजारची राज्येही थोड्याच वर्षांत त्यात सामील झाली. केंटकी राज्याने १८२३ साली डॅनव्हिल येथे स्वतःचीच सरकारी शाळा काढली आणि तिलाही काँग्रेसने १८२६ मध्ये जमीन दिली. येथून पुढे गरिबाचे बधिर मूल शिकेल की नाही, हे गावातल्या एखाद्या दानशूराच्या मर्जीवर राहिले नाही. ते राज्याच्या अंदाजपत्रकाचे कलम झाले.

माढ्याच्या वाचकाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. उजनीचे धरण आपल्याच तालुक्यात उभे आहे. कालवा येण्याआधी शेती आभाळाकडे पाहून होत असे. कालवा आल्यावर पाण्याचे आवर्तन ठरले, पाळी ठरली आणि शेतकरी वर्षाचा विचार करू लागला. देणगी आणि नियमित शासकीय आधार यांत हाच भेद आहे. अर्थात, कालव्याच्या टेलला असलेल्या शेतापर्यंत पाणी पोहोचते का, हा प्रश्न उरतोच. त्याकडे आम्ही पुढे येऊ.

हे वाचून कोणाला वाटेल की अमेरिकेच्या शासनाचे मन फार उदार होते. तसे म्हणण्याची आमची इच्छा नाही. १८५४ सालची घटना याबाबत बोधप्रद आहे. डोरोथिया डिक्स या समाजसेविकेने अनेक वर्षे खटपट करून एक विधेयक काँग्रेसमध्ये मंजूर करून घेतले. गरीब मनोरुग्णांसाठी १ कोटी एकर आणि अंध-बधिरांसाठी सुमारे सव्वाबावीस लाख एकर सरकारी जमीन राज्यांना द्यावी, असे ते विधेयक होते. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. सार्वजनिक दानधर्म करणे हे केंद्र सरकारचे काम नव्हे, राज्यघटना तसा अधिकार देत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आठच वर्षांनी, १८६२ साली, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली आणि शेतकी व यंत्रविद्येची महाविद्यालये काढण्यासाठी राज्यांना विपुल सरकारी जमीन मिळाली. घटना तीच, जमीनही सरकारीच. एक मागणी दानधर्माच्या नावाने आली म्हणून फेटाळली गेली. दुसरी शिक्षणाच्या नावाने आली म्हणून मान्य झाली. पक्ष आणि प्रदेश यांचे राजकारण त्यामागे होतेच, हे खरे. तरीही आम्हाला यात एक मोठा धडा दिसतो. जे दान म्हणून मागितले जाते ते नाकारता येते. जे राष्ट्राचे काम म्हणून मागितले जाते ते नाकारणे अवघड होते.

बधिरांच्या शिक्षणाला हा मान पुढे मिळालाही. वॉशिंग्टन येथे एमॉस केंडल यांनी दिलेल्या जागेवर १८५७ मध्ये अंध-बधिर मुलांची शाळा सुरू झाली आणि राजधानीच्या जिल्ह्यातील गरीब मुलांचा खर्च काँग्रेसने उचलला. थॉमस गॅलॉडेट यांचे चिरंजीव एडवर्ड हे तिचे पहिले अधीक्षक, आणि त्यांच्या मातोश्री सोफिया, ज्या स्वतः बधिर आणि हार्टफर्डच्या विद्यार्थिनी होत्या, त्या वसतिगृहाच्या व्यवस्थापिका झाल्या. १८६४ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकन यांनी या संस्थेला महाविद्यालयीन पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर सही केली. आजचे गॅलॉडेट विद्यापीठ ते हेच. हार्टफर्डच्या शाळेच्या नावात आरंभी ‘असायलम’, म्हणजे आश्रयस्थान, असा शब्द होता. १८९५ मध्ये तो गेला आणि ‘स्कूल’ आले. पाटीवरचा हा एक शब्द बदलायला पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. बधिरशाळा धर्मादाय मंडळांच्या देखरेखीखाली असाव्यात की शिक्षणखात्याच्या, हा वाद तेथे दीर्घकाळ चालला आणि आम्ही शाळा आहोत, अनाथालय नव्हे, हे तेथील शिक्षकांना पुनःपुन्हा सांगावे लागले.

या इतिहासाची काळी बाजूही आपण पाहिली पाहिजे. आंबेडकरी विचाराच्या वाचकाला ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. हार्टफर्डला मिळालेली जमीन दक्षिणेत अलाबामा प्रदेशातील होती. तेथील मूळ रहिवासी जमातींकडून युद्ध आणि तह यांच्या बळावर काढून घेतलेली ती भूमी होती. एका वंचिताच्या शाळेचा पाया दुसऱ्या वंचिताच्या विस्थापनावर रचला गेला. कृष्णवर्णीय बधिर मुलांची पहिली सरकारी शाळा नॉर्थ कॅरोलिनात १८६९ मध्ये उघडली, तीही वेगळी. खुद्द राजधानीत कृष्णवर्णीय बधिर मुलांना १९०५ पासून केंडल शाळेत स्थान नव्हते. त्यांना शेजारच्या मेरीलँड राज्यात पाठवले जाई. १९५२ साली पालकांनी न्यायालयात जाऊन दाद मिळवली, तेव्हा कुठे ते दार उघडले. शासनाचा पैसा आला म्हणजे समता आपोआप येत नाही. पैसा कोणापर्यंत पोहोचतो, हे पाहण्यासाठी पाळतीवर राहावे लागते.

तिसरी गोष्ट भाषेची. १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, बधिर मुलांना ओठ वाचून बोलायलाच शिकवावे आणि हातांची भाषा वर्ज्य करावी, असा ठराव केला. मत देणाऱ्यांत बहुतेक सारे ऐकू येणारे होते. त्यानंतर अनेक देशांत वर्गात हात हलवणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या आणि क्लेर्क यांच्यासारख्या बधिर शिक्षकांना नोकऱ्या मिळेनाशा झाल्या. इमारती होत्या, अनुदान होते. परंतु मुलाची भाषाच काढून घेतली गेली. गॅलॉडेट विद्यापीठालाही पहिला बधिर अध्यक्ष मिळण्यासाठी १९८८ च्या मार्च महिन्यात विद्यार्थ्यांना आंदोलन करावे लागले. ज्यांच्यासाठी संस्था, त्यांच्या हाती संस्था, हे तत्त्व मिळवायला १२४ वर्षे लागली.

आता आपल्या भूमीकडे वळू. ज्या १८५४ साली पिअर्स यांनी विधेयक परतवले, त्याच साली वूडच्या खलित्याने हिंदुस्थानात खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत घालून दिली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन केले. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही विसंगती त्यांनी उघड केली. पुढच्या काही वर्षांत मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने देशातील पहिली बधिरशाळा निघाली. एका धर्मसंस्थेने हे काम हाती घेतले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या सोलापूर जिल्ह्याचे स्थान या इतिहासात आगळे आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ साली झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह उघडले. सोलापूर नगरपालिकेने त्याला दरमहा अनुदान दिले. लोकवर्गणीच्या जोडीला सार्वजनिक निधीचा हक्काचा हिस्सा, ही वाट बाबासाहेबांनी आपल्याच जिल्ह्यात दाखवली. १२ मार्च १९२७ रोजी, महाडच्या सत्याग्रहाच्या आठवडाभर आधी, मुंबई कायदेमंडळात त्यांनी शिक्षणाच्या खर्चाचा हिशेब मांडला. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारी करातून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. लोकांकडून जितके घेता तितके तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. या मागणीत याचना नव्हती. तो हिशेब होता. आपले विद्यालय, आपल्यासारखी शेकडो वसतिगृहे आणि आश्रमशाळा याच विचाराची लेकरे आहेत. ‘अनुदान’ या शब्दात ‘दान’ दडलेले असले, तरी ते आपण कधी दान म्हणून घेतले नाही.

बधिर मुलांच्या बाबतीत मात्र हा विचार अर्ध्यावर थांबला. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात विकलांगतेच्या प्रसंगी साहाय्य मिळण्याचा उल्लेख आहे. सातव्या अनुसूचीत राज्यांच्या विषयांमध्ये विकलांगांना ‘साहाय्य’ असा स्वतंत्र विषय आहे, आणि शिक्षण हा निराळा विषय आहे. कारभारही तसाच विभागला गेला. सर्वसाधारण मुलाची शाळा शिक्षण विभागाकडे. बधिर मुलाची विशेष शाळा समाजकल्याणाकडे. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तरीही विभागाच्या नावात ‘कल्याण’ आहे, ‘शिक्षण’ नाही. दुसरीकडे सर्वसाधारण शाळांत जाणारी दिव्यांग मुले शिक्षण विभागाच्या समावेशित शिक्षण योजनेत येतात. एकाच मुलासाठी दोन खिडक्या आहेत आणि अनेकदा पालक दोन्हींच्या मधल्या ओट्यावर बसून राहतो.

महाराष्ट्रातील बधिरशाळा बहुतांशी स्वयंसेवी संस्था चालवतात. काहींना शिक्षकांच्या वेतनाचे आणि निवासी मुलांच्या परिपोषणाचे अनुदान मिळते. काही मान्यताप्राप्त असूनही विनाअनुदानित राहतात. विनाअनुदानित शाळेत विशेष शिक्षणाची पदविका घेतलेला शिक्षक टिकत नाही, कारण त्याला घर चालवायचे असते. शिक्षक गेला की मुलाची भाषा जाते. काही संस्था केवळ अनुदानासाठी उघडल्या जातात, हा आक्षेपही आम्हाला ठाऊक आहे आणि तो निराधार नाही. त्यावर उपाय तपासणीचा आहे. चोरीच्या भीतीने कालवाच बंद केला, तर टेलचे शेत जळते आणि चोराचे काही बिघडत नाही.

कायदा आज पुष्कळ पुढे आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षांच्या पात्र दिव्यांग मुलांना विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक, त्यांत दिव्यांग शिक्षकही, तयार करावेत आणि नेमावेत असेही त्यात म्हटले आहे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधन केंद्र झाले. त्याच्या शब्दकोशाने २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा टप्पा गाठला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही या भाषेला मान दिला आहे. कायदा वाटा देतो. व्यवहार मात्र अजून ग्रासाच्छादनावर अडला आहे.

आपल्या धम्मपरंपरेकडेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. विनयपिटकातील महावग्गात ज्यांना प्रव्रज्या देऊ नये असे सांगितले आहे, त्यांत अंध, मूक आणि बधिर यांचा उल्लेख आहे. ज्या काळी सारा धम्म कानांनी ऐकून मुखोद्गत करावा लागे, त्या काळचा तो संघाचा नियम आहे. तो नियम भिक्षुसंघाचा होता. करुणेची मर्यादा म्हणून तो कोणी पुढे करू नये. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धीच्या कसोटीवर घासून घेतलेला धम्म दिला. आज धम्म वाचता येतो, हातांनी सांगता येतो, डोळ्यांनी समजून घेता येतो. सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्याही औषधोपचाराची व्यवस्था राज्याने केल्याची नोंद कोरून ठेवली. करुणा ही केवळ मनाची अवस्था न राहता राज्याचा कारभार व्हावी, हे त्यातून कळते. प्रज्ञेवाचून करुणा केवळ घास भरवते. समतेची जोड मिळाली की ती वाटा देते.

आमचे म्हणणे वाचून काही बांधव विचारतील, ‘आपल्याच मुलांना वसतिगृहात जागा पुरत नाही, ही नवी जबाबदारी कशाला?’ प्रश्न खरा आहे. त्यावर आमचे नम्र उत्तर असे की, ही मुलेही आपलीच आहेत. आपल्या वस्त्यांतही बधिर मुले जन्मतात. दलित, गरीब आणि बधिर असे तिहेरी ओझे ती वाहतात. मुलगी असेल तर चौथे. शिवाय सर्व भार एका संस्थेने उचलावा, असे आम्ही म्हणत नाही. दुसरे काही जण विचारतील की, विशेष शाळा हवी की सर्वांसोबतची शाळा. आमच्या मते मुलाला भाषा जेथे मिळेल ती शाळा योग्य. लहान वयात बधिर मुलांना बधिर सवंगडी आणि बधिर शिक्षक हवेत. पुढे ती दुभाष्याच्या साहाय्याने सर्वांबरोबर शिकू शकतात. भाषेविना सर्वांसोबत बसवलेले मूल वर्गात असूनही वर्गाबाहेरच असते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही काही सूचना करतो. पहिली माजी विद्यार्थ्यांसाठी. आपण तालुक्याच्या गावोगावी आहात. आपल्या गावातील बधिर मुलांची माहिती घ्या, त्यांच्या श्रवणाची तपासणी आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र यांसाठी पालकांच्या सोबत जा. दुसरी ग्रामपंचायतीत निवडून गेलेल्या बंधू-भगिनींसाठी. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. तो निधी वर्षाअखेरीस घाईने साहित्यवाटपात संपवण्याऐवजी त्यातील काही भाग बधिर मुलांच्या शिक्षणाकडे कसा वळवता येईल, हा विषय ग्रामसभेत मांडा. तिसरी आपल्या विद्यालयासाठी. एका शिक्षकाला विशेष शिक्षणाच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी पाठवावे, आठवड्यातून एक तास सर्व विद्यार्थ्यांना भारतीय सांकेतिक भाषा शिकवावी आणि ती शिकवण्यासाठी शक्यतो बधिर व्यक्तीलाच बोलवावे. क्लेर्क यांच्याशिवाय हार्टफर्ड उभे राहिले नसते. चौथी सूचना शासनासाठी, आणि ती आपण सर्वांनी मिळून मागायची आहे. बधिरशाळांना शाळा म्हणून शिक्षणाच्या अंदाजपत्रकात स्थान द्यावे, पात्र विनाअनुदानित शाळांना तपासणी करून अनुदान द्यावे आणि प्रत्येक तालुक्यात लहान बधिर मुलांसाठी भाषेचा एक तरी वर्ग असावा.

यातली कोणतीही मागणी दयेची नाही. आपल्या वाडवडिलांनी शिक्षण मागितले तेव्हा त्यांना पुष्कळांनी शिळी भाकर देऊ केली होती. त्यांनी ती नाकारून शाळेचे दार मागितले. त्या नकारातूनच आपले विद्यालय उभे राहिले. बधिर मुलाला नकार उच्चारता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने तो आपण उच्चारला पाहिजे, आणि त्याला स्वतःच्या हातांनी तो सांगता येईल अशी व्यवस्था लवकरात लवकर केली पाहिजे. आपल्या विद्यालयाच्या पुढील स्मरणिकेत बधिर माजी विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला लेख असावा, एवढीच आमची इच्छा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!